फेलोशिप कुणाची, अट कुणाची?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बैठक होती. विषय होता जयंतीच्या वर्गणीचा. पण बैठक भलतीकडेच गेली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आमच्यातल्याच एका चोवीस वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर 'फंडवाली' म्हटलं. तिचा गुन्हा एवढाच की तिला एका संस्थेची वर्षभराची 'सामाजिक न्याय फेलोशिप' मिळाली आहे. सफाई काम करणाऱ्या बायकांच्या आठवणी ती गोळा करते, आणि त्या आठवणींतून तिला कादंबरी लिहायची आहे. मुलगी काही बोलली नाही, उठून निघून गेली. तिच्या मागे दोन-चार जण हसले.

आम्ही त्या बैठकीत होतो आणि त्या वेळी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटली म्हणून हा लेख.

'फंडवाला' हा शब्द आपल्या चळवळीत आला त्याला कारणं आहेत, ती आम्ही नाकारत नाही. मोर्च्यात घोषणा देणारे तरुण प्रकल्पाच्या अहवालात अडकलेले आम्ही पाहिले आहेत. 'अत्याचार' हा शब्द जाऊन त्या जागी 'वंचितता' कशी आली, आणि वंचितता जाऊन 'क्षमता बांधणी' कशी आली, हेही पाहिलं आहे. समाजशास्त्राच्या वर्गात याला सहयोजन वगैरे म्हणायला शिकवतात. वस्तीत त्याला मिंधेपण म्हणतात, आणि वस्तीचा शब्द जास्त नेमका आहे. पण मिंधेपण पैशातून येतं की पैशाच्या अटीतून येतं? हा फरक न करता जो कुणी शिक्षणासाठी, लेखनासाठी मदत घेईल त्याला विकला गेलेला ठरवायचं असेल, तर सुरुवात बाबासाहेबांपासून करावी लागेल. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊनच ते कोलंबियाला गेले. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करीन आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करीन, अशा करारावर त्यांनी सही केली होती. बाबासाहेबांना 'फंडवाले' म्हणायची कुणाची छाती आहे का?

त्या मुलीने कादंबरीचा विषय काढला तेव्हा आम्ही तिला एक नाव सांगितलं होतं. ॲलिस वॉकर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपलं नातं पँथरच्या नावापुरतं नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. तेव्हा तिकडच्या लेखिकेचा रस्ता आपल्या मुलीला दाखवणं म्हणजे परदेशाचं कौतुक नव्हे, भावकीतली चौकशी आहे.

वॉकर यांचा जन्म १९४४ चा, जॉर्जिया राज्यातल्या ईटन्टनचा. आईबाप गोऱ्या मालकाची जमीन वाट्याने कसणारे, आठ भावंडांत ही धाकटी. काळ्या पोरांना शिकून काय करायचंय, शेतात पाठवा, असं मालक म्हणे. आईने त्याला दारातून परत लावलं. आठव्या वर्षी भावाच्या छर्ऱ्याच्या बंदुकीने उजवा डोळा गेला. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की पुढे कॉलेजात जाताना तोच डोळा उपयोगी पडला. अपंगांच्या पुनर्वसनासाठी असलेल्या राज्याच्या शिष्यवृत्तीवर त्या १९६१ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात गेल्या. म्हणजे राज्याने काळ्या मुलीच्या हुशारीला पैसे दिले नाहीत, फुटलेल्या डोळ्याला दिले. लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या आईने तिला तीन वस्तू घेऊन दिल्या होत्या: शिवणयंत्र, सूटकेस आणि टाइपरायटर. पहिली फेलोशिप आईची, हे विसरायचं नाही. आपल्याकडेही पहिली फेलोशिप आईचीच असते, फक्त तिच्यासाठी अर्ज भरावा लागत नाही.

अटलांटाच्या बसमध्ये त्या पुढच्या सीटवर बसल्या. एका गोऱ्या बाईने तक्रार केली आणि ड्रायव्हरने त्यांना मागे पाठवलं. वॉकर यांनी पुढे लिहिलं आहे की चळवळीत पडायचा निर्णय त्या बसमध्येच झाला. स्पेलमनमध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहणारे इतिहासाचे प्राध्यापक हॉवर्ड झिन यांना १९६३ मध्ये कॉलेजने काढून टाकलं, आणि वॉकरही ते कॉलेज सोडून न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात गेल्या.

आता फेलोशिपची गोष्ट. १९६६ मध्ये त्यांना लेखनासाठी पहिली फेलोशिप मिळाली. बेत होता आफ्रिकेत सेनेगलला जाऊन लिहायचा. तरुण लेखिकेला याहून काय हवं? पूर्वजांचा देश, समुद्र, फ्रेंच भाषा. त्या गेल्या मिसिसिपीला. अमेरिकेतलं तेव्हाचं सगळ्यात भयंकर राज्य ते. आपण मिसिसिपीत मोकळेपणाने जगू शकत नाही तोवर आफ्रिकेत किंवा कुठेही सुखाने जगू शकणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी नंतर लिहिलं आहे. ग्रीनवूडला त्यांनी काय केलं? मतदार यादीत नाव नोंदवलं म्हणून मालकांनी घरातून आणि शेतातून हुसकावलेल्या काळ्या कुटुंबांच्या जबान्या लिहून घेतल्या. गावात बहिष्कार पडल्यावर आपले कार्यकर्ते करतात तेच काम. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये पोलीस ठाण्याबाहेर बसून ज्यांनी म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले आहेत त्यांना त्या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढे त्या जॅक्सनला राहिल्या. नवरा गोरा, ज्यू, नागरी हक्कांच्या खटल्यांतला वकील. मिसिसिपीत असा विवाह म्हणजे रोजची धमकी. तिथे 'हेड स्टार्ट' या गरीब मुलांच्या बालवाड्यांत शिकवणाऱ्या बायकांना कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. यातल्या बऱ्याच बायका आधी शेतात नाहीतर दुसऱ्यांच्या घरात राबलेल्या. त्यांना सनावळ्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही हे लवकरच कळलं, तेव्हा वॉकर यांनी त्यांनाच स्वतःची आत्मचरित्रं लिहायला लावली. आमच्या मते त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा हे काम मोठं आहे. याच वर्षांत पहिली कादंबरी लिहून झाली, ती १९७० मध्ये आली. 'मेरिडियन' ही चळवळीतल्या एका तरुणीची कादंबरी १९७६ ची. 'द कलर पर्पल' १९८२ ची, आणि १९८३ मध्ये तिला पुलित्झर. मधल्या काळात रॅडक्लिफ इन्स्टिट्यूटची फेलोशिप होती, नंतर गुगेनहाइमही. म्हणजे बाईंनी आयुष्यभर 'फंड' घेतला. मग त्या विकल्या गेल्या का?

उलट झालं. 'कलर पर्पल'मध्ये काळ्या घरातला पुरुषी अत्याचार त्यांनी उघडा केला, तेव्हा काळ्या पुरुषांमधूनच ओरड झाली. गोऱ्यांना आयतं कोलीत दिलं म्हणे. १९८५ मध्ये सिनेमा आला तेव्हा थिएटरबाहेर निदर्शनं झाली. हे वाचताना आम्हाला आपल्या बैठका आठवतात. दलित स्त्रियांनी नवऱ्याच्या मारझोडीबद्दल लिहिलं की 'घरची लक्तरं वेशीवर टांगली' म्हणणारे कोण होते? सवर्ण नव्हते. आणि त्या मुलीला फंडवाली म्हणणाऱ्याच्या पोटातली भीती पैशाची आहे, की ती आठवणी गोळा करताना कुणाकुणाच्या घरात शिरेल याची आहे?

इथे एक खुलासा. वॉकर यांना आम्ही देव्हाऱ्यात बसवायला निघालेलो नाही. २०१८ मध्ये त्यांनी एका वर्तमानपत्रात डेव्हिड आईक या ज्यूद्वेष्ट्या कट-सिद्धांतवाल्याच्या पुस्तकाची भलामण केली. ते चूकच होतं, त्यावर पांघरूण घालायची आम्हाला गरज नाही. विभूतिपूजेबद्दल बाबासाहेब काय सांगून गेले ते आपल्याला माहीत आहे. ते परदेशी विभूतींनाही लागू आहे. आम्ही त्यांचा रस्ता बघतोय, पाय नाही.

तर मग अटींचं काय? ते समजून घ्यायला वॉकर यांच्याही मागे एक पिढी जावं लागतं, झोरा नील हर्स्टन यांच्याकडे. हर्स्टन कोलंबियाच्या आवारातल्या बर्नार्ड कॉलेजात १९२५ मध्ये दाखल झाल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या विद्यार्थिनी झाल्या. त्याच बोआस यांचे विद्यार्थी अलेक्झांडर गोल्डनवायझर. त्यांच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला होता. एकाच ज्ञानपरंपरेच्या अंगणात दहा वर्षांच्या अंतराने एक महार विद्यार्थी आणि एक काळी विद्यार्थिनी आपापल्या माणसांचा अभ्यास करत होते.

दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या लोककथा गोळा करायला हर्स्टन यांच्याकडे पैसे नव्हते. १९२७ मध्ये शार्लट ऑसगुड मेसन या श्रीमंत गोऱ्या बाईने त्यांना महिना दोनशे डॉलर देऊ केले. मोटार दिली, कॅमेरा दिला. आणि लेखी करार केला: गोळा केलेलं सगळं साहित्य मेसनबाईंच्या मालकीचं, त्यांच्या परवानगीशिवाय ते कुणाला दाखवायचंही नाही. किरकोळ खर्चाचासुद्धा हिशेब द्यायचा. बाईंना 'गॉडमदर' म्हणायचं. कथा काळ्या मजुरांच्या, ऐकणारी काळी, आणि मालकी न्यूयॉर्कच्या बंगल्यात. पुढे १९३४ च्या शेवटी रोझेनवाल्ड फंडाने त्यांना डॉक्टरेटसाठी दोन वर्षांची फेलोशिप मंजूर केली आणि लगेचच ती काही महिन्यांवर आणून ठेवली, कारण अभ्यासाचा आराखडा फंडाच्या साहेबांना पटेना. हर्स्टन यांनी वर्गात जाणं सोडलं आणि त्या पैशात स्वतःचं लेखन केलं. बरं केलं! १९३६ मध्ये गुगेनहाइम मिळाल्यावर हैतीत बसून सात आठवड्यांत त्यांनी 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी लिहिली. पैसा तोच, लेखिका तीच. हात मोकळे होते एवढाच फरक.

शेवट मात्र वाईट झाला. १९५० मध्ये ही लेखिका फ्लोरिडात एका घरी मोलकरीण म्हणून काम करताना आढळली. १९६० मध्ये फोर्ट पिअर्सच्या सरकारी आधारगृहात वारली. वर्गणी काढून पुरलं, कबरीवर दगड नाही. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर तिथे गेल्या. मी तिची भाची आहे असं खोटंच सांगत पत्ता काढला, कमरेएवढ्या गवतात कबर शोधली आणि स्वतःच्या पैशाने दगड बसवला. त्यावर लेख लिहिला, हर्स्टन यांच्या निवडक लेखनाचं संपादन केलं, आणि विसरलेली पुस्तकं पुन्हा छापली जाऊ लागली. आपल्या अण्णाभाऊंशी तुलना करा. दीड दिवस शाळेत गेलेला, चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिणारा आणि 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण करणारा कादंबरीकार १९६९ मध्ये हलाखीत गेला. मग त्यांच्या नावाने तिकीट निघालं, महामंडळ निघालं, त्या महामंडळात घोटाळाही निघाला. जिवंत लेखकाला महिना चार पैसे मिळावेत अशी सोय मात्र ना सरकारला सुचली, ना आपल्याला.

आता त्या मुलीच्या कागदांकडे येऊ. बैठकीनंतर आम्ही तिच्या घरी गेलो, माफी मागितली आणि तिचा करारनामा वाचला. अकरा पानं, इंग्रजीत. सातव्या पानावर लिहिलंय की फेलोशिपच्या काळात गोळा झालेली सर्व ध्वनिमुद्रणं, नोंदी आणि लेखन ही संस्थेची मालमत्ता राहील. शेवटच्या पानावर दर महिन्याला एक 'यशोगाथा' देण्याची अट. मैला काढताना नवरा गेलेल्या बाईची यशोगाथा! मेसनबाईंचा करार होऊन शंभर वर्षं होत आली. फक्त 'गॉडमदर' म्हणायची अट तेवढी गळाली. मुलीने ते कलम वाचलेलंच नव्हतं. कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आणि आम्ही, एम.ए. केलेले, दहा-बारा वर्षं वस्तीत काम करणारे, तिला बैठकीत हसणाऱ्यांच्या बाजूला बसलो होतो.

संस्था खासगी आहे म्हणून सोडून द्या असं कुणी म्हणेल. मग सरकारी फेलोशिप बघू, जी दान नसून आपला हक्क आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२-२३ पासून एक अट घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास या विषयांवरच्या संशोधनाला पैसे मिळणार नाहीत. पुन्हा वाचा. अनुसूचित जातीच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन मजुरांच्या मुलांनी परदेशात जावं, पण जातीचा अभ्यास करू नये. ९ मे १९१६ चा तो निबंध या योजनेत बसला नसता. सयाजीरावांच्या करारात चाकरीची अट होती, पण स्वतःच्या गुलामीचा अभ्यास करू नकोस अशी अट नव्हती. राजेशाहीत चाललेली गोष्ट लोकशाहीत चालेना! आणि २०२५ मध्ये याच योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांच्या हाती पत्रं पडली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास बघू असं सांगण्यात आलं.

महाराष्ट्र तरी मागे कुठे आहे? बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसले होते. त्यात लेकरं घेऊन आलेल्या मुली होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल केला. म्हणजे वरून 'काय दिवे लावणार' आणि आपल्यातून 'फंडवाली'. दोन्हीकडून मारा एकाच मुलीवर.

रोहित वेमुलाला लेखक व्हायचं होतं. विज्ञानावर लिहायचं होतं. जानेवारी २०१६ मधल्या त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब आहे, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, आणि त्यातून एका मित्राचे पैसे परत द्या अशी विनंती आहे. मरताना त्याला कुणाचं मिंधं राहायचं नव्हतं. फेलोशिपने माणूस मिंधा होतो म्हणणाऱ्यांनी ते पत्र काढून पुन्हा एकदा वाचावं. त्याला मिंधं कुणी केलं, पैसे देऊन की पैसे अडवून?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. फेलोशिप घ्यावी, हक्काने घ्यावी, आणि अट वाचून घ्यावी. जी अट आपल्या माणसांच्या गोष्टी त्यांच्याकडून काढून घेते ती खोडून मागावी. नाही खोडली तर सोडावी. वॉकर यांनी सेनेगलची फेलोशिप मिसिसिपीला नेली तसं, पैसा कुठूनही आला तरी माणूस कुठे उभा राहणार हे आपण ठरवावं. आणि ज्यांना हे सगळं पाप वाटतं त्यांनी पर्याय उभा करावा. आमच्या एका वस्तीत गेल्या जयंतीला डीजेवर किती खर्च झाला ते वर्गणीच्या वहीत लिहिलेलं आहे. त्या रकमेत एका लिहिणाऱ्या मुलीचे सहा महिने निघाले असते. हा आकडा आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहोत. कुणाला राग आला तर येऊ द्या.

त्या मुलीचं दुसऱ्या सहामाहीचं पत्र आलं आहे. आमच्यातल्या एका वकील मैत्रिणीने सातव्या पानावरच्या कलमाऐवजी दोन ओळी लिहून दिल्या आहेत: ध्वनिमुद्रणं सांगणाऱ्या बायकांची, लेखन लिहिणारीचं, संस्थेला एक प्रत. यशोगाथेची अट लाल शाईने खोडली आहे. सोमवारी ती ते घेऊन संस्थेच्या कार्यालयात जाणार आहे. तिच्यासोबत आम्ही चौघं जाणार आहोत, आणि ज्यांच्या आठवणी त्या ध्वनिमुद्रणांत आहेत त्यांतल्या तिघी जणी सकाळची पाळी संपवून थेट तिथे येणार आहेत.